गंगेत एक, जमुनेत एक

जे ऐकतायत त्यांना नमस्कार, आणि जे नंतर बसमध्ये, रांगेत उभं राहून हे वाचतील त्यांनाही नमस्कार. आज आवाजात मधूनमधून वारा येईल. सांभाळून घ्या. कारण आजचा भाग मी घरात बसून नाही, शहागडला गंगेच्या काठावर बसून रेकॉर्ड करतोय.

आता बाहेरगावचे म्हणतील, शहागडला गंगा कुठून आली? तर मंडळी, गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या पुस्तकात म्हणतात. आमच्याकडे ती गंगा. गंगेला पाणी आलं, गंगेवर अंघोळीला गेले, गंगेच्या पलीकडं पाहुणे आहेत. अलीकडे जालना जिल्हा, पूल ओलांडला की बीड. त्यामुळे आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुंबईत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की "चल, गंगेत जाऊ", तेव्हा त्यांना वाटलं अंघोळीला जायचंय. त्यांनी टॉवेल घेतला.

हसू नका. खरंच घेतला.

ती गंगा म्हणजे ताडदेवचं 'गंगा' थिएटर. आणि तिच्याच शेजारी, एकाच इमारतीत 'जमुना'. गंगा-जमुना. मुंबईतल्या सुरुवातीच्या जुळ्या थिएटरांपैकी एक. आज ते चालू नाही. कितीतरी वर्षं झाली, तिथे पडद्यावर काही उमटलेलं नाही. आजचा भाग त्या थिएटरबद्दल आहे, आणि दोन भावांबद्दल.

आधी जुळं थिएटर म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सिनेमा एकतर फोनवर पाहिलाय नाहीतर मॉलमध्ये. जुन्या काळी थिएटर म्हणजे एक इमारत, एक पडदा, आणि समोर आठशे-हजार माणसं. एक सिनेमा लागला की तो उतरेपर्यंत तोच. मिनर्व्हाला 'शोले' १९७५ साली लागला आणि पाच वर्षं चालला, हे तुम्ही ऐकलं असेल. पण प्रत्येक सिनेमा काही शोले नसतो. पडला, तर हजार खुर्च्या रिकाम्या. मग मालकांनी डोकं चालवलं: जागा एकच, गेट एकच, वाहनतळ एकच, पण पडदे दोन. एकाचा हाउसफुल्ल झाला तर उरलेली गर्दी परत जाण्याऐवजी शेजारच्या खिडकीवर वळेल. बांद्र्याला १९७२ साली गेटी-गॅलक्सी सुरू झालं ते असंच. ते अजून चालू आहे, नंतर त्याला आणखी छोटे पडदे जोडले गेले. माटुंगा-माहीमच्या बाजूला तर बादल-बिजली-बरखा होतं. जुळं नाही, तिळं! आणि ताडदेवला गंगा-जमुना.

म्हणजे बघा, मॉलमधलं मल्टिप्लेक्स ज्याला आपण म्हणतो, त्याची ही आधीची पायरी. एका छपराखाली दोन पडदे. कल्पना तीच. फरक कुठे पडला, ते शेवटी सांगतो.

आता अण्णांची गोष्ट.

साल १९८०च्या आसपासचं. अण्णा तेव्हा विशीत. त्यांचे मोठे भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते मुंबईला ताडदेवच्या भागात एका खानावळीत कामाला होते. पहाटे पाचला उठून भट्टी पेटवायची, दिवसभर टेबलं पुसायची, ताटं वाढायची, रात्री अकराला फरशी धुऊन झोपायचं. झोपायचं म्हणजे कुठे? एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने. ज्याची रात्रपाळी असेल तो दिवसा झोपणार, ज्याची दिवसपाळी तो रात्री. मुंबईत आपल्या मराठवाड्याच्या माणसाला तेव्हा काम मिळायचं. बसायला जागा मात्र मिळायची नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

अण्णा भावाला भेटायला निघाले. शहागडहून एसटीने औरंगाबाद. तिथून मनमाडपर्यंत मीटरगेजची छोटी गाडी, कारण तेव्हा आपल्याकडे मोठी लाईन नव्हती. मनमाडला गाडी बदलायची आणि मग मोठ्या गाडीने दादर. दोन दिवस आबांनी त्यांना फिरवलं असेल नसेल, माहीत नाही. अण्णा त्यातलं काही सांगत नाहीत. समुद्र पाहिला का विचारलं तर म्हणतात, "पाह्यला असंल." पण तिसऱ्या दिवसाचं त्यांना सगळं आठवतं. त्या दिवशी आबांनी मालकाकडून संध्याकाळची सुट्टी मागून घेतली आणि म्हणाले, "चल, गंगेत जाऊ."

टॉवेलचं सांगून झालंय.

तर हे दोघे सहाच्या खेळाला पोचले. तेव्हा खेळांच्या वेळा ठरलेल्या. बारा, तीन, सहा, नऊ. कुठल्याही गावात विचारा, हीच उत्तरं. बाहेर काचेच्या पेटीत सिनेमातले फोटो लावलेले असायचे, लोक ते आधी पाहून घ्यायचे, म्हणजे निम्मा सिनेमा बाहेरच होऊन जायचा. वर हाताने रंगवलेला भलामोठा बॅनर. अण्णा म्हणतात, "माणसाचा एक डोळा आपल्या दाराएवढा व्हता."

खिडकीवर गेले तर गंगाचं तिकीट एकच शिल्लक. एक. पुढे फळी. बाजूला जमुनाच्या खिडकीवर तिकिटं होती, पण तिथे दुसराच सिनेमा, आणि अण्णांना पाहायचा होता तो गंगाचा. आबांनी पैसे काढले, गंगाचं ते एक घेतलं, जमुनाचं एक घेतलं, आणि गंगाचं अण्णांच्या हातात ठेवून म्हणाले, "तू गंगेत बस. मी जमुनेत बसतो. सुटल्यावर हितंच दाराशी भेटू. कुठं जाऊ नको."

आता मी सिनेमाचं नाव विचारलं. अण्णा म्हणाले, "अमिताभचा व्हता." कोणता? "मारामारीचा." असो. त्यापुढे तपास लागला नाही.

इथे जरा थांबून त्या अंधारात काय चालू होतं ते सांगतो, कारण आज ते जवळपास कुठेच चालू नाही. मागे वर एक छोटी खोली, तिला भोक, त्या भोकातून झोत. खोलीत दोन प्रोजेक्टर. फिल्म पस्तीस मिलिमीटर रुंदीची. एका सेकंदाला चोवीस चित्रं पुढे सरकतात, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फिल्म. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट. चार किलोमीटरपेक्षा जास्त! आपल्या शहागडच्या स्टँडपासून उलगडत गेलात तर पूल ओलांडून, बीड जिल्ह्यात शिरून, तरी फिल्म शिल्लक राहील. एवढी फिल्म एका चाकावर बसत नाही. म्हणून तुकडे, म्हणजे रिळं. एका प्रोजेक्टरवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकायचा. प्रेक्षकांना तो दिसायचाही नाही. ऑपरेटरला दिसायचा. ठिपका दिसला की दुसरा प्रोजेक्टर सुरू, दुसरा ठिपका दिसला की झोत इकडून तिकडे. वीस-बावीस मिनिटांनी हा खेळ परत. चुकलं की पडदा पांढरा, आणि खाली हजार माणसांच्या शिट्ट्या.

उजेड कसला, तर बराच काळ कार्बनच्या दोन कांड्यांचा. त्यांच्यात वीज उडी मारायची आणि पांढराशुभ्र उजेड पडायचा. कांड्या जळत जायच्या, ऑपरेटरने त्या सारख्या पुढे सरकवत राहायचं. नाही सरकवल्या तर हिरो अंधारात. म्हणजे पडद्यावर अमिताभ उभा असला तरी त्याला उजेडात ठेवणारा माणूस मागे घामाने भिजलेला असायचा. आणखी एक गंमत सांगू? त्याच ताडदेव रस्त्यावर फिल्म सेंटर नावाची लॅब होती. सिनेमाची फिल्म धुऊन तिच्या प्रती निघायच्या ती जागा. म्हणजे एकाच रस्त्यावर सिनेमा धुतलाही जायचा आणि दाखवलाही जायचा. जसं एकाच गावात ऊसही पिकतो आणि गुऱ्हाळही चालतं.

चला, परत अण्णांकडे. गंगाचा सिनेमा आधी सुटला. अण्णा गर्दीबरोबर बाहेर आले. नऊच्या खेळाची गर्दी आत शिरायला उभी, सहाच्या खेळाची बाहेर पडतेय. अण्णा दाराशी उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. गर्दी ओसरली, आबा नाहीत. पैसे आबांकडे. खोलीचा पत्ता आबांच्या डोक्यात. अण्णांच्या खिशात काय? फाटलेलं अर्धं तिकीट आणि खांद्यावर टॉवेल.

आज तुम्ही म्हणाल, फोन लावायचा ना! तोच तर मुद्दा आहे. तेव्हा माणूस हरवला की तो खरंच हरवायचा.

अण्णा जमुनाच्या दाराशी गेले. तिथे डोअरकीपर होता. हातात बॅटरी, अंगात खाकी. अण्णा त्याला म्हणाले, "माझा भाऊ आत हाय." तो म्हणाला, सिनेमा अजून पंधरा-वीस मिनिटं आहे, थांब. अण्णा थांबले. त्यांचा चेहरा बघून त्या माणसाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने विचारलं, "गाव कोणतं?" अण्णा म्हणाले, शहागड. त्याला कुठून माहीत असणार शहागड? पण त्याने पडदा बाजूला केला आणि अण्णांना आत घेतलं. म्हणाला, "आवाज करू नको. शोध."

बॅटरीचा झोत जमिनीवर धरून तो पुढे, अण्णा मागे. अशा दोन-तीन रांगा झाल्या. चौथ्या-पाचव्या रांगेत कडेला आबा.

आबा झोपले होते.

मान मागे टाकलेली, तोंड उघडं, दोन्ही हात मांडीवर. पडद्यावर काय चाललंय, बाजूचे लोक हसतायत की रडतायत, काही पत्ता नाही. अण्णा म्हणतात, "म्या हात लावणार व्हतो. त्या माणसानं मपला हात धरला. म्हणला, झोपू दे रे. संपल्यावर उठतोच की."

आणि मग अण्णा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. त्या वीस मिनिटांत त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. भावाकडे बघत बसले. अंधारात, पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडेल तेवढाच. गावाहून गेले तेव्हा आबा जसे होते तसे राहिले नव्हते, हे त्यांना तिथे कळलं. आणि हेही कळलं की आबांना सिनेमा बघायचाच नव्हता. पहाटे पाचपासून उभ्या असलेल्या माणसाला काय सिनेमा! ते बाहेर बसून राहू शकले असते. पण मग अण्णांना वाटलं असतं की दादा आपल्यामुळं बाहेर थांबलाय. म्हणून तिकीट.

दोस्तांनो, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, ही भावाच्या प्रेमाची गोष्ट आहे. आहेच. पण आता वाटतं की ती त्या खुर्चीचीही गोष्ट आहे. ज्या शहरात आबांना पाठ टेकायला पाळी लावावी लागत होती, त्या शहरात तीन तासांसाठी एक खुर्ची त्यांच्या नावावर होती. स्टॉलचं तिकीट, सगळ्यात स्वस्त. पण खुर्ची खुर्चीच. त्या तीन तासांत त्यांना कुणी "ए, टेबल पूस" म्हणणार नव्हतं. "उठ, माझी पाळी आली" म्हणणार नव्हतं. त्याच छताखाली वर बाल्कनीत शेठ बसलेले, खाली स्टॉलमध्ये आबा, आणि दिवे गेल्यावर सगळ्यांना अंधार सारखाच. त्यांच्यासारखे कितीतरी जण तिकीट काढून झोपायला यायचे, असं आबाच नंतर सांगायचे.

मग हे सगळं गेलं कसं?

एका रात्रीत नाही गेलं. १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला. पाठोपाठ व्हिडिओ. आपल्याकडेसुद्धा आठवत असेल तुमच्या आई-वडिलांना, टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, आणि रात्रभरात तीन-तीन सिनेमे, अख्खी गल्ली ओट्यावर. मग नव्वदीत केबल. थिएटरवाल्यांवर करमणूक कराचा बोजा मोठा, महाराष्ट्रात ४५ टक्क्यांपर्यंत. १९९७ साली दिल्लीत देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स निघालं. २००१ साली आपल्या राज्याने मल्टिप्लेक्सना सुरुवातीची काही वर्षं करात सवलत दिली. जुन्या थिएटरांना ती नव्हती. म्हणजे शर्यतीत एकाच्या पाठीवर पोतं आणि दुसरा मोकळा. वर मुंबईची जमीन. ताडदेव, हाजीअलीच्या पट्ट्यात जमिनीचा भाव असा की हजार माणसांना तीन तास बसवण्यापेक्षा तिथे काहीही केलं तरी जास्त पैसे. मग २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाने सगळीच थिएटरं बंद केली. नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये परत उघडली. तेव्हा बऱ्याच जुन्या थिएटरांची दारं उघडलीच नाहीत. गंगा-जमुना तर त्याच्या कितीतरी आधीच थांबलं होतं.

मघाशी म्हणालो होतो की फरक सांगतो. जुळ्या थिएटरात आणि मल्टिप्लेक्समध्ये पडद्यांचा फरक नाही. फरक दाराचा आहे. गंगा-जमुनाचं दार रस्त्यावर उघडायचं. पायजमा, टोपी, खांद्यावर टॉवेल, या वेशात माणूस थेट खिडकीवर जायचा. आज आधी मॉलचं दार, तिथे तपासणी, मग सरकता जिना, मग तिकीट, आणि तिकिटापेक्षा महाग मक्याच्या लाह्या. आबांनी हे दार ओलांडलं नसतं. कुणी अडवलं असतं म्हणून नाही. त्यांनी स्वतःच ओलांडलं नसतं.

मी स्वतः नोकरीसाठी मुंबईला गेलो तेव्हा अण्णांनी एकच काम सांगितलं. म्हणाले, "ते थेटर हाय का बघून ये." यामागे एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. पुढे जमिनीच्या वाटणीवरून अण्णांचं आणि आबांचं फाटलं. कुणाचं चुकलं, ते सांगण्यात अर्थ नाही. मराठवाड्यात घरटी एक अशी गोष्ट असते. सतरा वर्षं बोलणं नव्हतं. आबा मुंबईतच गेले. अण्णा मातीला पोचले, पण बोलणं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर अण्णा आबांचा विषय काढत नाहीत. काढला, तर फक्त गंगा-जमुनाचा. त्या संध्याकाळच्या अलीकडचं नाही, पलीकडचं नाही.

मी ताडदेवला गेलो. एसी मार्केट सापडलं, आरटीओ सापडलं. थिएटर मात्र विचारत विचारत गेलो, आणि गंमत अशी की चार तरुणांना विचारलं, चौघांनी फोन काढला. एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला विचारलं, त्याने फोन न काढता हात दाखवला. बंद इमारत होती. बॅनर नाही, काचेची पेटी नाही, खिडकी नाही. मी पाच मिनिटं उभा राहिलो, एक फोटो काढला आणि अण्णांना पाठवला. खाली लिहिलं, "बंद आहे."

अण्णांना टाइप करता येत नाही. संध्याकाळी त्यांचा आवाज आला रेकॉर्ड होऊन. एवढंच: "दार डावीकडचं का उजवीकडचं? दादा उजवीकडं बसलता."

मी फोटो परत पाहिला. दार कुठलं ते मला सांगता येईना.

म्हणून आज हा भाग. सिनेमे जपायला आपल्याकडे संस्था आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून ते काम करतंय. अमिताभचे सिनेमे तर तुमच्या फोनमध्येच आहेत, आत्ता लावू शकता. टुरिंग टॉकीजवरसुद्धा, आपल्याच महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबू घेऊन फिरणाऱ्यांवर, २०१६ साली 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा सुंदर माहितीपट झाला आणि तो कान महोत्सवापर्यंत गेला. पण थिएटरात कोण कुठे बसलं होतं, हे कुठल्याही संग्रहालयात नाही. ते फक्त आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. तुमच्या हातात फोन आहे, त्यात रेकॉर्डर आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर एकदा विचारा, पहिला सिनेमा कुठं पाहिला, कुणाबरोबर? सिनेमाचं नाव नाही सांगितलं तरी चालेल.

मी हे सगळं रेकॉर्ड करायला बसलो तेव्हा अण्णा सोबत आले होते. आत्ता तिकडे पायरीवर बसलेत, पाण्याकडे बघत. मघाशी त्यांना विचारलं, अण्णा, गंगेवर यायचं म्हणून टॉवेल घेतला का? तर म्हणाले, "ह्या टायमाला बरोबर घेतलाय."

चला. भेटू पुढच्या भागात.